आमच्या अंगणातलं सरकार

देशाच्या सरकारचं एक मोठं संकेतस्थळ आहे. पहिल्याच पानावर एक शेतकरी, एक शाळकरी मुलगी आणि एक म्हातारी असे तिघं हसत उभे असतात, आणि खाली लिहिलेलं असतं की सर्व सेवा आता तुमच्या दारात. हे अगदी खरं आहे. आमच्या गल्लीपुरतं तर इतकं खरं आहे की सरकार माझ्याच दारात, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, बनियन घालून बसलेलं असतं. त्याचा सकाळचा चहा मीच करते.

हे सरकार म्हणजे आमचे यजमान, आनंदराव. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा गल्लीत त्यांना कोणी कुत्र्याला विचारावं इतकंही विचारत नव्हतं. मग एका वर्षी विहाराच्या हॉलमध्ये आधार कार्डाचं शिबिर भरलं. टेबलावरचा माणूस प्रत्येकाला विचारायचा, मोबाइल नंबर सांगा. नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत तेव्हा लोक उठसूट सिम बदलायचे. ज्या कंपनीची स्कीम चांगली, त्या कंपनीचं सिम. बायकांजवळ तर फोनच नव्हते. आनंदराव त्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलेले होते, कारण त्यांना कुठेतरी बसायचं होतंच.

‘माझा टाका गा,’ ते म्हणाले. ‘टेलिफोन खात्याच्या माणसाचा नंबर हाये. मी मरीन, पण नंबर नाही बदलणार.’

हे सगळ्यांना पटलं. आमच्याकडे शिडी एकाची असते आणि गल्लीभर फिरते. लग्नातली सतरंजी, मोठं पातेलं, विरजणसुद्धा एकमेकांचं वापरतात. तसा नंबरही वापरला. त्यात कोणाचं काही चुकलं असं तेव्हा वाटलं नाही. मीसुद्धा माझा अंगठा लावला आणि नवऱ्याचा नंबर सांगितला. नवऱ्याचाच तर आहे, वेगळा कशाला हवा, असं मला वाटलं. जणू काही आमचे दातही एकच होते.

नंतर ते संकेतस्थळ आलं आणि त्याने प्रत्येक गोष्टीसाठी ओटीपी मागायला सुरुवात केली. रेशन असो, गॅस असो, मुलांची स्कॉलरशिप असो की म्हाताऱ्यांची पेन्शन, आधी सहा आकडे सांगा, मग पुढे सरका. आणि गल्लीतल्या निम्म्याअधिक लोकांचे सहा आकडे आनंदरावांच्या खिशात वाजायला लागले.

माणूस बदलतो म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. दाढी रोज व्हायला लागली. खुर्ची अंगणात आली, तिच्यासमोर लोकांसाठी एक स्टूल आला. आकडे ते पूर्वीच्या ट्रंक कॉलसारखे खणखणीत, एकेक सुटा करून सांगायचे आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचे. कोणी ताटलीभर भजी आणली तर आकडे पटकन यायचे. कोणी नुसताच हात हलवत आला तर ‘सर्व्हर डाउन हाये’ व्हायचं. संकेतस्थळावर लिहिलंय की ही सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. आमचं सरकार दुपारी जेवून झोपायचं आणि चहाच्या वेळेपर्यंत उठायचं नाही.

एकदा शेजारच्या सिंधूताईंना त्यांच्या पेन्शनसाठी आपण जिवंत असल्याचं कळवायचं होतं. दरवर्षी कळवावं लागतं. नेमके आनंदराव पारशिवनीला बहिणीच्या शेतावर गेलेले, आणि तिथे रेंज नाही. सिंधूताई रोज सकाळी फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. ‘आला काय वं तुझा मालक? मी आठ दिवसांपासून ना जित्यात हावो, ना मेल्यात.’ मी त्यांना चहा पाजायची. मेलेल्या बाईच्या मानाने त्या साखर बरीच घालून घ्यायच्या.

मला या सगळ्याचं हसू यायचं, खोटं कशाला बोलू. घरात ज्याचं कोणी ऐकत नव्हतं त्याचं आता गल्ली ऐकते, तर होऊ दे. सरकार दारात बसलेलं असलं तरी दाराच्या आत भांडी मीच घासत होते, तेव्हा मला त्याचा उपद्रव नव्हता. उपद्रव सुरू झाला तो मला स्वतःला त्या सरकारकडून काहीतरी हवं झालं तेव्हापासून.

आमच्या विहारातल्या बायकांनी श्रीलंकेला जायचं ठरवलं. प्रीती नावाची एक शिक्षिका आमच्या समोरच राहते, तिनेच सगळं जुळवलं. हिवाळ्यात निघायचं, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आत प्रत्येकीने आपला पासपोर्ट नंबर द्यायचा. यादी घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘काकू, तुम्ही येता काय? अनुराधापूरले जाऊन राहिलो आपण.’

मी लगेच हो म्हटलं. मला स्वतःलाच नवल वाटलं, कारण भाजी कोणती करायची हेसुद्धा मी विचारून ठरवत आले आहे.

याला कारण माझी आई. छप्पन साली ती नवी नवरी होती आणि दीक्षेला पायी आली होती. पुढे दीक्षाभूमीवर बोधिवृक्ष लावला गेला, तेव्हापासून ती दर पौर्णिमेला त्याच्याखाली जाऊन बसायची. मला शेजारी बसवून सांगायची, ‘हे लेकरू हाये. याची माय तिकडं सिलोनात, अनुराधापुरात हाये. मी लेकरू पाह्यलं, त्याची माय पाह्याची राह्यली.’ ती गेली त्या वर्षीसुद्धा हेच म्हणत होती. तिचं राहून गेलेलं मी पाहून यावं, एवढंच माझ्या मनात होतं. दुसरं काही मी आयुष्यात मागितल्याचं मला आठवत नाही.

माझ्याकडे पासपोर्ट नव्हताच, त्याचा अर्ज भरायला प्रीती तिचा लॅपटॉप घेऊन आली. संकेतस्थळ उघडलं, ते तिघं हसले. एका चौकटीत लिहून आलं, ‘मी रोबो नाही’, त्यावर खूण करा. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटून मला स्वतःलाही तेवढी खात्री नव्हती, पण केली खूण. पुढे आधारचा नंबर टाकला. मग आलं, आपल्या नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे.

आतल्या खोलीत आनंदराव जेवत होते. त्यांच्या खिशात फोन वाजला. मला ऐकू आला, प्रीतीला ऐकू आला, सिंधूताईंच्या घरातसुद्धा गेला असेल.

‘आकडे सांगा जी,’ मी म्हटलं.

‘हात खरकटे हायेत.’

‘मीच पाहू काय?’

‘माझ्या खिशात हात नको घालू वं. जेवून राहिलो ना मी.’

ते जेवत राहिले. त्या दिवशी त्यांनी ज्वारीची भाकर इतकी चावून चावून खाल्ली की डॉक्टरला पाहून आनंद झाला असता. पडद्यावरचे सेकंद संपले. हात धुऊन आल्यावर म्हणाले, ‘गेला काय टाइम? सरकारचं असंच राहते. सरकारी काम आन् सहा महिने थांब.’

दुसऱ्या दिवशी प्रीती आली तेव्हा ते फोन घेऊन संडासात होते, आणि पुष्कळ वेळ होते. तिसऱ्या दिवशी फोन चार्जिंगला लावून सायलेंट केलेला होता. चौथ्या वेळी संकेतस्थळच म्हणालं की तुम्ही मर्यादेपेक्षा जास्त प्रयत्न केले आहेत, काही काळानंतर पुन्हा या. ते सौजन्याने बोललं. आनंदरावांपेक्षा तर पुष्कळच सौजन्याने.

‘तुमाले मी जाऊ नये असं वाटते काय?’ मी सरळ विचारलं.

‘मी नाही म्हनलो काय कधी? जा ना. मी कोन अडवणारा? सर्व्हर डाउन हाये त्याले मी काय करू?’

हेच ते. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, आणि भांडणात मी हरत नाही. पण ते नाही म्हणालेच नाहीत. पुण्याला धम्मदीपला, माझ्या मुलाला, फोन केला तर तो म्हणाला, ‘आई, पप्पांना जरा समजून घे ना, वय झालंय त्यांचं.’ माझं वय त्याच्या लक्षात नव्हतं. मला त्या दिवशी इतका राग आला की वरणाला फोडणी द्यायची राहिली, आणि आनंदरावांनी ते तसंच मुकाट खाल्लं. मुकाट खाल्लं म्हणजे त्यांना सगळं कळत होतं.

प्रीती मात्र मास्तरीण. एक दिवस ती शाळेतून तडक माझ्या स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून मोबाइल वाचायला लागली. त्याच संकेतस्थळावर खाली, अगदी तळाशी, ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ असं एक पान आहे. आमच्या गल्लीने ते कधीच उघडलं नव्हतं. आमचे नेहमीचे प्रश्न आम्ही नेहमी आनंदरावांना विचारायचो. तिने वाचून दाखवलं, ‘निवासी व्यक्तीस भ्रमणध्वनी क्रमांक अद्ययावत करावयाचा असल्यास पूर्वीच्या क्रमांकाची आवश्यकता नसून जैवमितीय प्रमाणीकरण पुरेसे आहे.’

‘याचा अर्थ काय होते?’

‘नंबर बदलता येते, काकू. जुना नंबर नाही लागत, काका नाही लागत. सेंटरवर जायचं आन् अंगठा लावायचा. बस.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. इतकी वर्षं गल्लीने आनंदरावांना भजी चारली, आणि उत्तर त्याच संकेतस्थळावर लिहिलेलं होतं. सरकारने ते लपवलं नव्हतं. फक्त अशा मराठीत लिहिलं होतं की कोणाच्या हाती लागू नये.

प्रीतीने मला एक स्वस्तातला स्मार्टफोन आणि सिम आणून दिलं, आणि आम्ही केंद्रावर गेलो. सिंधूताईही सोबत आल्या. त्या म्हणाल्या, ‘मले आता माझं जगणं माझ्याच फोनवर पाह्यजे.’ यजमानांना मी सांगितलं, विहारात जाते. विहार रस्त्यातच लागतो, त्यामुळे ते खोटं नव्हतं.

केंद्रातल्या मुलीने काचेच्या यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला. ठेवला. लाल दिवा लागला. पुसून पुन्हा ठेवला. लाल. दुसऱ्या हाताचा ठेवला, मग तर्जनी, मग सगळी बोटं. यंत्राला माझ्या हातावर काहीच दिसत नव्हतं.

‘रेघा झिजल्या, आजी,’ ती मुलगी म्हणाली. ‘भांडी घासणाऱ्या बायांचं असं होते.’

मी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. त्या घरातली प्रत्येक ताटली, आनंदरावांच्या चहाचा प्रत्येक कप, भज्यांच्या गल्लीभरच्या ताटल्या, सगळं या हातांनी घासलं, आणि घासता घासता मीच पुसली गेले. मला तिथे रडू आलं. सगळ्यांदेखत आलं, आणि मी ते आवरलं नाही. सिंधूताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच रडायला लागल्या, कारण पुढचा नंबर त्यांचा होता.

‘रडू नका ना, आजी,’ मुलगी म्हणाली. ‘डोळ्यांवर पण होते. पण डोळे कोरडे लागते.’

मी पदराने डोळे पुसले. तिने दुर्बिणीसारखं एक यंत्र माझ्या डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, मोठे उघडा, पापणी नका हलवू. मी उघडले. हिरवा दिवा लागला. हात ओळखता आले नाहीत तरी डोळे सरकारने ओळखले, याचा मला फार आधार वाटला.

पुढचं सगळं सोपं होतं. माझ्या फोनवर माझे आकडे आले तेव्हा मी ते प्रीतीला एकेक सुटा करून, खणखणीत आवाजात सांगितले आणि परत म्हणवून घेतले. गॅसचं कनेक्शन पहिल्यापासून माझ्या नावावर आहे, कारण आनंदरावांच्या मते चटके बसतात त्याच्याच नावावर ते असावं. तिथलाही नंबर प्रीतीने बदलला. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले ते अंगणात आनंदरावांनाच विचारून गेले की ही बाई कशी आहे. ‘चांगली हाये,’ ते म्हणाले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं कौतुक ऐकायला मला पोलीस बोलवावे लागले.

गल्लीला बातमी लागायला वेळ लागला नाही. एकेक घर केंद्रावर जाऊन आलं. अंगणात खुर्ची होती, स्टूल होता, पण स्टुलावर कोणी बसायचं नाही. आनंदराव फोन कानाशी धरून हलवून पाहायचे, घड्याळ बंद पडलं की पाहतात तसे. एकदा सिंधूताईंना रस्त्यात थांबवून म्हणाले, ‘काहून हो, आजकाल येत नाही?’ त्या म्हणाल्या, ‘कायले येऊ? जिती हावो मी आता.’ मला वाईट वाटलं. वाईट वाटायला नको होतं, पण वाटलं. मी भजी केली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी एकही खाल्लं नाही.

निघायच्या दिवशी मी डब्यांवर नावं लिहून ठेवली, तिखट कुठे, पोहे कुठे. ते दारात उभे होते. म्हणाले, ‘जाजो सांभाळून.’ बॅगेला हात लावला नाही, आणि अडवलंही नाही. सर्व्हर बहुतेक चालू होता.

अनुराधापुरात आम्ही सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत, अनवाणी, रांगेने चढून गेलो. झाड उंच ओट्यावर, सोनेरी कठड्याच्या आत. त्याच्या म्हाताऱ्या फांद्यांना खालून टेकू दिलेत. मी कठड्याशी पोहोचले, वर पाहिलं, आईचं वाक्य ओठावर आलं, आणि पिशवीत फोन वाजला.

घरून फोन होता. प्रीतीने रोमिंग चालू करून इंटरनेटवरून बोलायचं शिकवून ठेवलेलं, आता तेच भोवत होतं.

‘मीरा, सिलिंडरवाला दारात उभा हाये. कोड मागून राहिला. माझ्या फोनवर काही येऊन नाही राहिलं.’

‘माझ्या फोनवर आला असंन.’

‘मंग सांग ना. कालपासून चहा नाही झाला घरी.’

या क्षणासाठी माझ्याजवळ एक वाक्य तयार होतं. किती महिने तयार होतं. सर्व्हर डाउन हाये, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, ‘दिसली काय वं, झाडाची माय?’

आईचं ते बोलणं मी यांना लग्नानंतर कधीतरी एकदा सांगितलं होतं. मला वाटायचं, त्यांच्या कानावरून गेलं. गेलं नव्हतं. त्यांना आठवत होतं. त्यांना माहीत होतं मी कुठे आणि कशासाठी जायचं म्हणते. म्हणजे हात खरकटे होते तेव्हाही माहीत होतं, संडासात फोन घेऊन बसले होते तेव्हाही, भाकर चावत होते तेव्हाही. माहीत असूनच त्यांनी ते सेकंद संपू दिले.

‘दिसली,’ मी म्हटलं.

‘बरं झालं. आता कोड सांग. तो जाऊन राहिला.’

‘थांबा, पाहू द्या ना. चष्मा पाह्यजे. पिशवीत असंन कुठीतरी.’

फोन मी बंद केला नाही. तो कठड्यावर ठेवला, हात जोडले, आणि आईच्या वाट्याचं सगळं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बघून घेतलं. तिकडून नागपुरातून ते ‘हॅलो, हॅलो’ करत होते, मागे सिलिंडरवाला काहीतरी बोलत होता. मग मी पिशवीत हात घातला आणि चष्मा शोधायला लागले. तो माझ्या गळ्यातच दोरीला होता. मी पिशवीतच शोधत राहिले.